मामंजींची फटफटी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दर वर्षी या व्यासपीठावरून आपण आरोग्य, बालसंगोपन, काटकसर, पाककला अशा विषयांवरची भाषणे ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला "तुम्ही फटफटीवर बोला" असे सांगितले, तेव्हा त्या थट्टाच करीत आहेत असे मला वाटले. परंतु माझ्या हातांना लागलेले काळे तेल गल्लीतल्या सगळ्यांनीच पाहिले आहे, आणि "अहो, हे काय आरंभलंय?" असे निदान निम्म्या जणींनी तरी मला विचारले आहे. त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून मी उभी राहिले आहे. बोलण्याची मला सवय नाही. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

ही फटफटी माझ्या मामंजींची. १९६३ साली त्यांनी ती नवी घेतली. जावा हे तिचे नाव. हे नाव ऐकून पुष्कळांना जावा बेटाची आठवण होते. पण त्या बेटाशी हिचा काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील जानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचे हक्क घेतले, आणि जानेचेकमधला 'जा' व वांडररमधला 'वा' जोडून हे नाव केले. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. पुढे तिथल्याच गाड्यांना येझदी हे नाव मिळाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले आहे. पण त्या गाड्या निराळ्या, आणि मामंजींची निराळी.

ही गाडी फार साधी, आणि तरी मोठी हुशारीने केलेली आहे. तिला एकच सिलिंडर, २५० सी. सी. च्या आसपासचा, पण धूर जाण्याच्या नळ्या मात्र दोन, दोन्ही बाजूंना एकेक. किक मारण्याचा दांडा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच! तो वर फिरवून उभा केला की किक, आणि गाडी सुरू झाल्यावर खाली पाडला की गिअर. साखळी पूर्ण झाकलेली, त्यामुळे मागे बसणाऱ्या बाईच्या साडीला तिचे तेल लागत नसे. सासूबाई हा गुण आजही आवर्जून सांगतात. त्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हिच्यावर बसून जोतिबाच्या डोंगरावर गेल्या होत्या.

१९८६ साली मामंजींची दृष्टी कमी झाली आणि त्यांनी गाडी मागच्या पडवीत उभी केली. दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर गाडीवर आधी एक चादर आली, मग चादरीवर रिकामी पोती आली, पोत्यांवर मुलांची जुनी पुस्तके आली. आपल्या सगळ्यांच्याच घरी अशी एखादी जागा असते. आपण तिथली वस्तू टाकूनही देत नाही आणि तिच्याकडे पाहतही नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या महापुराचे वर्णन मी आपल्यापुढे काय करावे! पंचगंगेचे पाणी कुणाच्या घरात कुठवर चढले, ते या सभागृहात बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आमच्या पडवीत ते कमरेइतके होते, आणि बरेच दिवस होते. पाणी ओसरल्यावर याच मंडळाच्या भगिनींनी घमेली आणि खराटे घेऊन एकमेकींची घरे धुतली. आमची पडवी धुताना पोती बाजूला केली, तर खाली चिखलाने माखलेली फटफटी. दारात भंगारवाला उभाच होता. यजमान म्हणाले, "जाऊ दे, आता तिच्यात काय राहिलंय?" मी सासूबाईंकडे पाहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या पदराच्या टोकाने हँडलवरचा चिखल पुसू लागल्या. भंगारवाल्याला मी पितळेची फुटकी घागर दिली आणि परत पाठवले.

इथून माझा उद्योग सुरू झाला. मला त्यातले काही म्हणजे काही येत नव्हते. पुतण्या म्हणाला, "काकू, एक किक मारून बघू, फिरतंय का!" तो पाय टाकणार एवढ्यात उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री, जे शेजारच्यांचा पंप बघायला आले होते, ते कुंपणावरून ओरडले, "वहिनी, आत गाळ बसलाय! किक मारलीसा की सिलिंडर चिरलाच म्हणून समजा." पुतण्याचा पाय वरच्या वर थांबला. त्या एका वाक्याने गाडी वाचली. पुढे तेच मिस्त्री माझे गुरू झाले. पण त्यांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली. हात माझे, सांगणे त्यांचे. वय झाल्यामुळे त्यांना खाली बसवत नव्हते.

भगिनींनो, पुरात सापडलेल्या यंत्राचे मुख्य दुखणे पाणी नव्हे, गाळ आहे. पाणी निघून जाते. बारीक रेती मात्र आत बसून राहते आणि यंत्र फिरवले की ती कानशीसारखी घासते. म्हणून पहिले काम म्हणजे काहीही न फिरवणे. प्लग काढून आतले पाणी वाहू दिले. सिलिंडर ओतीव लोखंडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. पिस्टनवरच्या कड्या गंजून सिलिंडरला चिकटल्या होत्या. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओतले आणि वाट पाहिली. मी रोज सकाळी चहाच्या आधी थोडेसे ओतीत असे. तीन आठवड्यांनी मिस्त्रींनी वरचा गिअर टाकायला सांगितला आणि मागचे चाक हाताने, अगदी पाळणा हलवावा तसे, पुढेमागे करायला लावले. चौथ्या दिवशी पिस्टन केसभर हलला. मला इतका आनंद झाला, की पोरगा दहावी झाला तेव्हाही झाला नसेल!

मग सगळे इंजिन उघडले. गिअरबॉक्समधले ऑइल काढले, तर ते ताकासारखे पांढरट. त्यात पाणी घुसळले गेले होते. प्रत्येक भाग काढण्याआधी मी मोबाइलवर त्याचा फोटो घेत असे, आणि काढलेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठी लावून ठेवीत असे. लहान वस्तूंसाठी माझा जुना मसाल्याचा डबा फार उपयोगी पडला. सात वाट्या, सात जागचे स्क्रू. मिस्त्री म्हणाले, "गॅरेजात एवढी टापटीप नसते." ही स्तुती मी अजून विसरलेले नाही. जी बाई दिवाळीच्या फराळाचे चौदा डबे न चुकता ओळखते, तिला इंजिनाचे भाग ओळखता येणार नाहीत असे कुणी समजू नये.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम सांगते, कारण त्या जिवाशी संबंधित आहेत. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून उडवू नये. फडके ओले करून पुसावी, आणि नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. दुसरे म्हणजे पेट्रोलची टाकी. ती रिकामी दिसली तरी तिच्यातली वाफ पेट घेते. तिच्याजवळ शेगडी, उदबत्ती, विजेचे बटण, काही नको. आम्ही टाकीचे काम अंगणात, उघड्यावर केले.

आता इंजिनाच्या आतले थोडे सांगते. आपल्या घरच्या आजच्या स्कूटरमध्ये इंजिनाचे ऑइल वेगळे असते. या गाडीत मात्र ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. हे मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या बंद पेटीत येते, आणि पिस्टन खाली आला की तिथून वर ढकलले जाते. थोडक्यात, ती पेटी म्हणजे लोहाराचा भाता. भात्याला भोक पडले तर विस्तव फुलेल का? या पेटीच्या दोन टोकांना रबरी सील असतात. तीस-पस्तीस वर्षांत ती दगडासारखी कडक होतात. त्यांतून हवा शिरली, की पेट्रोल आणि त्याबरोबरचे ऑइल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन पकडतो. पुष्कळ जण बाहेरून गाडी चकाचक करतात, नवा प्लग लावतात, आणि पाच मैलांवर गाडी जाम होते, त्याचे कारण बहुधा हेच. दिसणाऱ्या भागापेक्षा हे न दिसणारे, काही रुपयांचे रबर महत्त्वाचे. आम्ही दोन्ही सील, सगळी बेअरिंगे आणि पॅकिंगे बदलली. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले होते. मूळ माप ६५ मिलिमीटर. उद्यमनगरात लेथवर ते ६५.५० पर्यंत मोठे करून घेतले आणि त्या मापाचा पिस्टन बसवला. या जुन्या गाड्यांचे भाग अजूनही लहान कारखान्यांत तयार होतात आणि जुन्या बाजारांतही मिळतात. फक्त शोधणाऱ्याला सवड हवी.

सवड मात्र आम्हांला न मागता मिळाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि लेथची दुकाने बंद पडली. घरी बसून करण्यासारखे काम म्हणजे टाकी. तिच्या आत गंजाचे पापुद्रे होते. त्यासाठी मी स्वयंपाकघरातलाच उपाय केला. बादलीभर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवले, लिटरला साधारण ५० ग्रॅम, आणि टाकी त्या पाण्याने भरून रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी चहाच्या रंगाचे पाणी निघाले. असे तीनदा केले. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला, साध्या पाण्याने धुतली, लगेच उन्हात वाळवली आणि आतून ऑइल फिरवले. हे "लगेच" महत्त्वाचे. नाही तर उघडे पडलेले लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते.

इथवर सगळे नीट झाले होते. आता माझी चूक सांगते. खरे म्हणजे तीच सांगायला मी आज आले आहे.

टाकी आतून स्वच्छ झाल्यावर बाहेरचा रंग मला बघवेना. मूळचा मरून रंग, पण जागोजाग फोड आलेले, पुराच्या पाण्याने फिका पडलेला. घरात रंग काढण्याचे रसायन पडून होते. एका दुपारी, सगळे झोपले असताना, मी ते टाकीला फासले आणि पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडून काढला. तासाभरात टाकी चांदीसारखी लखलखीत झाली. मिस्त्रींना विचारले नाही; घरात कुणालाच विचारले नाही. संध्याकाळी सर्वांना दाखवून शाबासकी घ्यायची, एवढाच विचार मनात होता. यजमान "वा!" म्हणाले. सासूबाई आत जपाला बसल्या होत्या. त्यांना दाखवायचे राहिले ते राहिलेच.

मग दसरा आला. गाडी अजून तुकड्या-तुकड्यांत, म्हणून आम्ही नुसती टाकी पाटावर ठेवली आणि पूजा मांडली. सासूबाईंना हल्ली स्पष्ट दिसत नाही. त्यांनी हळदकुंकू वाहिले आणि मग त्यांचे बोट टाकीवर, पेट्रोलच्या झाकणाच्या पुढे, काही तरी शोधू लागले. एकदा, दोनदा, तीनदा त्या तिथून बोट फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "श्री कुठे गेला गं?"

गाडी घेतली त्या वर्षीच्या दसऱ्याला मामंजींनी बारीक कुंचल्याने पिवळ्या तैलरंगात तिथे 'श्री' काढला होता. रंग जरा जाड बसला होता, म्हणून तो बोटाला लागे. तेवीस वर्षे त्या दर दसऱ्याला त्याच 'श्री'वर कुंकू लावीत होत्या. मला तो दिसला नव्हता असे नाही. खरवडताना पिवळे काही तरी निघाले, ते मला आठवते. मला तो रंगाचा एक डाग वाटला.

भगिनींनो, तेहतीस वर्षांच्या धुळीने तो 'श्री' पुसला नव्हता. पंचगंगेच्या महापुराने पुसला नव्हता. तो मी पुसला, एका दुपारी, गाडी सुंदर करण्याच्या हौसेने.

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी म्हटले, "मी तसाच पुन्हा काढून घेते, चांगल्या पेंटरकडून." त्या म्हणाल्या, "अक्षर त्यांचं होतं. पेंटरचं कशाला?" आणि विषय संपला. ती जागा आज रिकामी आहे. टाकीला नवा मरून रंग दिला आहे, बाजूंच्या पट्ट्यांना क्रोमचा मुलामा करून घेतला आहे. पण झाकणाच्या पुढे आम्ही काहीच काढलेले नाही.

त्या दिवसानंतर मी कामाची पद्धत बदलली. कोणत्याही भागाला हात लावण्याआधी सासूबाईंना तो भाग दाखवायचा, म्हणजे त्यांच्या हातात द्यायचा, आणि विचारायचे. त्यातून किती गोष्टी निघाल्या! मागच्या मडगार्डचा पोचा मी ठोकून सरळ करणार होते. तो राधानगरीच्या रस्त्यावर बैलगाडीला धडकून आलेला निघाला. त्या वेळी यजमान पाच वर्षांचे होते आणि पुढे टाकीवर बसले होते. कुणाला खरचटलेही नाही. तो पोचा तसाच ठेवला आहे. हँडलच्या डाव्या मुठीवर गुंडाळलेली दोरी मी कापून टाकणार होते. मामंजींचा अंगठा दुखावल्यावर पकड बसावी म्हणून सासूबाईंनीच ती गुंडाळली होती. तीही आहे. गंज काढायचा, झिजलेले बदलायचे, पण जे झिजलेले नाही ते जुने आहे एवढ्यावरून काढायचे नाही, हा नियम मी तेव्हा शिकले. फार उशिरा शिकले.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढू लागले. त्या रात्री आम्ही धान्याच्या आधी इंजिनाचे डबे माडीवर नेले. यजमान, ज्यांना दोन वर्षांपूर्वी गाडीत काही राहिलेले दिसत नव्हते, ते सिलिंडर पोटाशी धरून जिना चढत होते.

कागदपत्रांचे दोन शब्द सांगते, कारण पुष्कळ घरांत हाच घोळ असतो. गाडीचा मालक वारल्यावर वारसाने परिवहन कार्यालयाला ३० दिवसांत कळवावे आणि ३ महिन्यांच्या आत ३१ क्रमांकाचा अर्ज देऊन गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. आम्ही ते केले नव्हते, म्हणून पुष्कळ हेलपाटे पडले. दुसरे म्हणजे, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' असा वेगळा नियम केला आहे. अशी नोंद १० वर्षे चालते. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना क्रमांक ठेवू शकते. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. ते वाचून मला वाटले, सरकारलाही सासूबाईंचेच म्हणणे पटलेले दिसते.

२०२२ च्या गुढीपाडव्याला गाडी सुरू केली. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर ऑइल मिसळले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोलची नळी नवी घातली आहे, आणि गाडी फार दिवस उभी राहणार असली की टाकी रिकामी करतो. सहाव्या किकला ती बोलली. पडवीभर निळा धूर झाला. मिस्त्री खुर्चीवर बसून कान देऊन ऐकत होते, म्हणाले, "वहिनी, जरा हळू चालवा. नवा पिस्टन आहे, बसू दे." सासूबाई आतून भिंतीला धरत धरत आल्या. आवाजावरूनच त्या म्हणाल्या, "हीच ती." एवढेच. आणि मग साडी सावरून, कुणाचा हात न घेता, मागे बसल्या. गाडी स्टँडवरच होती. इंजिन बंद होईपर्यंत त्या उतरल्या नाहीत.

भगिनींनो, प्रत्येकीने फटफटी दुरुस्त करावी असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या घरी शिलाईचे जुने यंत्र असेल, रेडिओ असेल, आजीचा स्टोव्ह असेल, पाळणा असेल. तो कधी तरी आपण दुरुस्त करू, आणि केलाच पाहिजे. मात्र त्या दिवशी आधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, ती वस्तू त्यांच्या हातात द्या, आणि विचारा. घासणे-पुसणे उद्याही करता येते. विचारायला माणूस उद्या असेलच असे नाही.

येत्या दसऱ्याला गाडीची पूजा आमच्या अंगणात आहे. सर्वांनी हळदकुंकवाला अवश्य यावे.